प्रसूतीनंतरची टमी टक शस्त्रक्रिया

टमी टक, वैद्यकीय परिभाषेत ॲब्डॉमिनोप्लास्टी, ही प्लास्टिक सर्जरीतील एक शस्त्रक्रिया आहे. पोटावरील सैल त्वचा व तिच्याखालील अतिरिक्त चरबी काढून टाकणे आणि ताणलेली पोटाची भिंत शिवून घट्ट करणे हे तिचे स्वरूप असते. ती करून घेणाऱ्यांत एक किंवा अधिक अपत्ये झालेल्या स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. मोठ्या प्रमाणात वजन घटविलेल्या स्त्री-पुरुषांवरही ती केली जाते. जगभर मोठ्या प्रमाणावर केल्या जाणाऱ्या सौंदर्यविषयक शस्त्रक्रियांत तिची गणना होते. ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नव्हे. तसेच बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ती तातडीची किंवा अपरिहार्यही नसते. त्यामुळे ती करावी की नाही, केव्हा करावी आणि तिच्यापासून काय अपेक्षावे, या प्रश्नांना या विषयात शस्त्रक्रियेच्या तंत्राइतकेच महत्त्व आहे.

गर्भारपणात पोटात होणारे बदल

पोटाच्या पुढच्या भागात मधोमध, बरगड्यांपासून जांघेच्या हाडापर्यंत, रेक्टस ॲब्डॉमिनिस या नावाचे दोन उभे स्नायू असतात. हे दोन्ही स्नायू लिनिआ अल्बा या तंतुमय पट्टीने एकमेकांस जोडलेले असतात. गर्भाशय वाढू लागले की ही पट्टी रुंद व पातळ होते आणि स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. या स्थितीला डायस्टॅसिस रेक्टाय असे म्हणतात. दोन स्नायूंमधील अंतर २ सेंटिमीटरहून अधिक असल्यास सामान्यतः हे निदान केले जाते.

गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत हे अंतर वाढणे स्वाभाविक असून प्रसूतीनंतर ते बऱ्याच अंशी आपोआप कमी होते. पहिलटकरणींवर नॉर्वेमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी सुमारे ६० टक्के स्त्रियांत हे अंतर आढळले; बारा महिन्यांनी ते प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर आले होते. त्यांतील बहुतेकींचे अंतर सौम्य स्वरूपाचे होते. म्हणजे पहिल्या काही महिन्यांत दिसणारे पोट हे अंतिम रूप नसते. शरीर पूर्ववत होण्याची क्रिया तेव्हा चालूच असते.

त्वचेचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन व लवचीकपणा देणारे इलॅस्टिन यांचे तंतू ताणामुळे तुटल्यास त्वचेवर रेघा उमटतात आणि ती सैल पडते. अनुवंशिकता, वय, गर्भारपणातील वजनवाढ, जुळी मुले, एकापाठोपाठ एक बाळंतपणे या गोष्टींवर हे अवलंबून असते. स्नायूंना व्यायामाने बळ देता येते. तुटलेले तंतू व लोंबणारी त्वचा मात्र व्यायामाने किंवा मलमांनी पूर्ववत होत नाही.

सिझेरियन झालेल्या स्त्रियांत वणाच्या वर त्वचेची एक घडी लोंबताना दिसते. वण खालच्या थरांना चिकटल्याने तो आत ओढला जातो आणि वरची सैल त्वचा त्यावर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश, तर गोव्यात त्याहूनही बरेच अधिक होते. त्यामुळे ही तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रियांची संख्या लहान नाही.

डायस्टॅसिस आणि अंतर्गळ म्हणजेच हर्निया यांत फरक आहे. डायस्टॅसिसमध्ये पोटाची भिंत ताणलेली पण अखंड असते. हर्नियामध्ये तिला छिद्र पडून आतील भाग बाहेर डोकावतो. बेंबीचा हर्निया डायस्टॅसिससोबत आढळू शकतो. त्यामुळे बेंबीजवळ गाठ, दुखणे किंवा खोकताना फुगवटा जाणवल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

इतिहास

पोटावरील लोंबणारा मेद व त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे आरंभीचे वृत्तान्त एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहेत. १८९० मध्ये फ्रान्समध्ये दमार व मार्क्स यांनी, तर १८९९ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी अशा शस्त्रक्रियांची नोंद केली. या काळात बेंबी बहुधा काढलेल्या भागाबरोबरच जात असे. शिकागो येथील मॅक्स थोरेक यांनी १९२४ मध्ये बेंबी राखणारी पद्धत मांडली, तर १९५७ मध्ये व्हर्नन यांनी बेंबी मूळ जागी ठेवून वरच्या त्वचेतून नव्याने बाहेर काढण्याचे तंत्र वर्णिले.

ब्राझीलचे शल्यविशारद इव्हो पितांगी यांनी १९६७ मध्ये तीनशे रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. अंतर्वस्त्राखाली झाकला जाईल असा खालचा आडवा छेद त्यांच्यामुळे लोकप्रिय झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये इलूझ यांनी नळीने चरबी शोषून घेण्याची, म्हणजे लायपोसक्शनची, पद्धत विकसित केली आणि पुढे ती टमी टकला जोडली गेली. २००० मध्ये अमेरिकेतील पोलॉक यांनी त्वचेचा पदर खालच्या थराला टप्प्याटप्प्याने टाके घालून बसविण्याची पद्धत मांडली. त्यामुळे दोन थरांमधील पोकळीत द्रव साठण्याचे प्रमाण कमी झाले.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे पूर्ण भूल देऊन केली जाते व तिला दोन ते चार तास लागतात. तिचे प्रमुख टप्पे असे:

१. जांघेच्या हाडाच्या किंचित वर, एका कटिभागापासून दुसऱ्या कटिभागापर्यंत आडवा छेद घेतला जातो. सिझेरियनचा आडवा वण असल्यास तो बहुधा काढल्या जाणाऱ्या भागातच जातो.

२. बेंबीभोवती छेद घेऊन ती देठासह मूळ जागी राखली जाते आणि त्वचा व चरबीचा पदर बरगड्यांच्या दिशेने सोडवून घेतला जातो.

३. दूर गेलेल्या दोन्ही स्नायूंवरील आवरण मध्यरेषेत टाक्यांनी एकत्र आणले जाते. हर्निया असल्यास तोही याच वेळी दुरुस्त करता येतो.

४. पदर खाली ओढून अतिरिक्त भाग कापला जातो, बेंबीसाठी नवे छिद्र केले जाते आणि त्वचा शिवली जाते. साठणाऱ्या द्रवाचा निचरा होण्यासाठी आवश्यकतेनुसार नळ्या ठेवल्या जातात.

सैलपणा केवळ बेंबीच्या खाली असल्यास लहान छेदाची मिनी टमी टक केली जाते. तिच्यात बेंबीभोवती छेद नसतो. त्वचा चांगली असून केवळ चरबी अधिक असल्यास निव्वळ लायपोसक्शन पुरते. त्वचा ठीक असून केवळ स्नायू दूर गेलेले असल्यास दुर्बिणीद्वारे दुरुस्तीचा पर्याय असतो. टमी टक व स्तनांची शस्त्रक्रिया एकत्र करण्याला जाहिरातींत मॉमी मेकओव्हर असे नाव दिले जाते. हे नाव वैद्यकीय नसून व्यावसायिक आहे.

या शस्त्रक्रियेने आतड्यांभोवतीची, म्हणजे स्नायूंच्या आतील बाजूची चरबी कमी होत नाही. पोट त्या चरबीमुळे पुढे आलेले असेल, तर शस्त्रक्रियेचा उपयोग अल्प असतो. ताणाच्या रेघांपैकी बेंबीखालच्या बऱ्याचशा काढलेल्या त्वचेबरोबर जातात. वरच्या रेघा राहतात. ओटीपोटावर कटीपासून कटीपर्यंतचा वण आयुष्यभर राहतो. तो वर्षा-दीड वर्षात फिकट होतो, परंतु नाहीसा होत नाही.

निर्णयापूर्वी विचारात घ्यावयाच्या बाबी

योग्य काळ

प्रसूतीनंतर किमान सहा महिने, आणि अनेक शल्यविशारदांच्या मते एक वर्ष, थांबणे इष्ट मानले जाते. स्तनपान थांबल्यानंतरही काही महिने जाऊ द्यावेत आणि वजन सुमारे सहा महिने स्थिर असावे, अशी अपेक्षा असते. वजन अजून उतरत असताना शस्त्रक्रिया केल्यास त्वचा पुन्हा सैल पडू शकते. सिझेरियनच्या वेळीच टमी टक उरकून घेण्याची कल्पना अनेकांस सोयीची वाटते. परंतु त्या वेळी गर्भाशय मोठे असते, ऊतींत सूज असते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि किती त्वचा काढावी याचा अंदाज येत नाही. म्हणून तसे करू नये असाच सल्ला सामान्यतः दिला जातो.

पुढील अपत्याचा विचार

टमी टकनंतर गर्भधारणा होऊ शकते व बाळाची वाढही सामान्यपणे होते. मात्र पोट पुन्हा ताणले गेल्याने शस्त्रक्रियेचा परिणाम अंशतः वा पूर्णतः नाहीसा होऊ शकतो. त्यामुळे कुटुंब पूर्ण झाल्यावरच ती करावी, असे सुचविले जाते.

लहान मुलाचे संगोपन

शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड वस्तू उचलण्यास मनाई असते. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाचे वजन या मर्यादेपलीकडचे असते. म्हणजेच या काळात आईला मुलाला कडेवर घेता येत नाही, पाळण्यातून उचलता येत नाही. स्वयंपाक, पाणी भरणे, धुणे, जिने चढणे या कामांसाठीही घरात दुसरे माणूस असावे लागते. ही सोय नसलेल्या घरात शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच अधिक सुरक्षित असते.

प्रकृतीविषयक अटी

धूम्रपान व तंबाखूसेवनाने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि जखमेची कड मृत होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर किमान चार आठवडे तंबाखू पूर्ण वर्ज्य असते. महाराष्ट्रातील अनेक स्त्रियांत मिश्री लावण्याची सवय आहे. तिच्यातूनही निकोटिन शरीरात जाते, म्हणून ती डॉक्टरांपासून लपवू नये. अनियंत्रित मधुमेह, रक्तक्षय, अतिस्थूलता, पूर्वी झालेल्या रक्ताच्या गुठळ्या यांची माहिती देणे आवश्यक असते. संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका वाढत असल्याने त्याही सांगाव्या लागतात.

मनःस्थिती

प्रसूतीनंतरच्या वर्षात नैराश्य, झोपेचा अभाव व आत्मविश्वासाची घसरण ही लक्षणे अनेक स्त्रियांत आढळतात. स्वतःच्या शरीराविषयीची तीव्र घृणा कधीकधी याच नैराश्याचे रूप असते आणि त्यावरील उपचार वेगळे असतात. नातेवाइकांचे टोमणे, पतीची अपेक्षा किंवा चित्रपट-अभिनेत्रींच्या प्रसूतीनंतरच्या छायाचित्रांशी केलेली तुलना ही शस्त्रक्रियेची कारणे होऊ शकत नाहीत. दुसरीकडे, प्रौढ स्त्रीने पूर्ण माहितीनिशी स्वतःच्या समाधानासाठी घेतलेला निर्णय उथळ ठरविणेही योग्य नाही. सैल त्वचेच्या घडीत वारंवार चट्टे उठणे, कपडे नीट न बसणे, हालचाल करताना अवघडणे या तक्रारी प्रत्यक्ष असतात.

शस्त्रक्रियेविना उपाय

महाराष्ट्रात बाळंतिणीच्या पोटाला तेल लावून जुन्या सुती लुगड्याने ते बांधण्याची प्रथा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही सूतिकेच्या पोटाला स्नेह लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने वेष्टण्यास सांगितले आहे. अशा बांधण्याने कंबरेला आधार व आराम मिळतो. मात्र त्याने स्नायूंमधील अंतर कायमचे भरून येते असे सिद्ध झालेले नाही. फार आवळून बांधल्यास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर दाब पडतो, विशेषतः प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत.

पोटाच्या खोलवरच्या आडव्या स्नायूंचे व ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करणे हा पहिला उपाय समजला जातो. त्यांनी अंतर थोडे कमी होऊ शकते. ते पूर्ण मिटले नाही, तरी स्नायूंची ताकद, पाठीचा आधार व मूत्रावरील ताबा सुधारण्याची शक्यता असते. पाठीवर झोपून गुडघे वाकवून डोके किंचित उचलले असता बेंबीच्या वर-खाली बोटांनी अंतर चाचपता येते. पक्के माप मात्र सोनोग्राफीने मिळते.

धोके व गुंतागुंत

टमी टकनंतर सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली पातळ द्रव साठणे. त्यास सीरोमा म्हणतात. तो सुईने काढावा लागतो. त्याशिवाय रक्त साठणे, जंतुसंसर्ग, जखम उघडणे, मध्यभागी त्वचेची कड काळी पडून मृत होणे, बेंबीचा आकार बिघडणे व दोन्ही बाजू असमान दिसणे हे प्रकार संभवतात. बेंबीखालच्या त्वचेची संवेदना बरेच महिने मंदावते आणि काहींच्या बाबतीत पूर्णपणे परत येत नाही. सावळ्या त्वचेत वण जाड होण्याची वा किलॉइड होण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने भारतीय स्त्रियांनी याचा विशेष विचार करणे योग्य ठरते.

सर्वांत गंभीर धोका पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा आहे. तो क्वचित उद्भवतो, परंतु सौंदर्यविषयक शस्त्रक्रियांत टमी टकमध्ये तो तुलनेने अधिक आढळतो. एकाच वेळी अनेक शस्त्रक्रिया केल्यास व भुलेचा काळ लांबल्यास तो आणखी वाढतो. शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच चालविणे, पायांना दाब देणारी साधने वापरणे व आवश्यक असल्यास रक्त पातळ करणारी औषधे देणे हे त्यावरचे प्रतिबंधक उपाय होत. पोटरी दुखणे वा सुजणे, एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

स्वस्त पॅकेजसाठी परदेशी जाण्याचे परिणामही नोंदले गेले आहेत. २००९ ते २०२२ या काळात डॉमिनिकन प्रजासत्ताकात सौंदर्यविषयक शस्त्रक्रियेनंतर ९३ अमेरिकी नागरिकांचा मृत्यू झाल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले. बारकाईने तपासलेल्या मृत्यूंपैकी बहुतांश रक्ताची गुठळी किंवा चरबीचे कण रक्तप्रवाहात अडकल्यामुळे झाले होते.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागल्यास ओटीपोटावरील त्वचा व चरबी वापरून नवा स्तन घडविता येतो. टमी टकमध्ये हाच भाग काढून टाकला जात असल्याने पुढे तो पर्याय उरत नाही. कुटुंबात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या स्त्रियांनी निर्णयापूर्वी याची चर्चा करणे आवश्यक आहे.

बरे होण्याचा काळ

रुग्णालयात बहुधा एक-दोन दिवस राहावे लागते. पहिला आठवडाभर पोटावर ताण येऊ नये म्हणून किंचित वाकून चालावे लागते आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन झोपावे लागते. निचऱ्याच्या नळ्या काही दिवसांत काढतात. पोटाचा पट्टा सुमारे सहा आठवडे वापरतात. बैठ्या कामावर दोन ते चार आठवड्यांत परतता येते. व्यायाम व जड कामे सहा आठवड्यांनंतर हळूहळू सुरू होतात. सूज उतरून अंतिम आकार दिसण्यास सहा महिने ते वर्ष लागते.

सौंदर्य की उपचार

या शस्त्रक्रियेला निव्वळ सौंदर्यविषयक मानावे की उपचार, याविषयी देशोदेशी भिन्न धोरणे आहेत. ऑस्ट्रेलियातील नऊ केंद्रांमधील २१४ स्त्रियांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टमी टकनंतर पाठदुखी व मूत्रावरील ताबा या दोन्हींत सुधारणा दिसून आली. त्या अभ्यासात शस्त्रक्रिया न केलेल्या स्त्रियांचा तुलना-गट नव्हता, ही त्याची मर्यादा होय. ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक आरोग्य विम्याने जुलै २०२२ पासून ठरावीक अटींवर या शस्त्रक्रियेचा समावेश केला. स्नायूंमधील अंतर किमान ३ सेंटिमीटर असणे, मध्यम वा तीव्र लक्षणांची नोंद असणे, भौतिकोपचारासह इतर उपाय निष्फळ ठरणे आणि मागील बारा महिन्यांत गर्भारपण नसणे, अशा त्या अटी आहेत.

भारतातील स्थिती

नाकाच्या पुनर्रचनेची पुण्यातील शस्त्रक्रिया १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये वर्णिली गेली आणि युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीला तिने चालना दिली. आज भारतात प्लास्टिक सर्जन होण्यासाठी सामान्यतः शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीआर.एन.बी. ही पदवी घ्यावी लागते. 'कॉस्मेटिक सर्जन' ही केवळ बिरुदावली असू शकते. म्हणून डॉक्टरांची पदवी व राज्याच्या वैद्यक परिषदेतील नोंदणी पडताळून पाहणे, तसेच रुग्णालयात भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग व रक्ताची सोय आहे का याची चौकशी करणे हिताचे असते.

सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून सामान्यतः वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय आवश्यकता ही कारणे त्यास अपवाद आहेत. आरोग्यसेवेला असलेली वस्तू व सेवा करातील सूटही निव्वळ सौंदर्यविषयक शस्त्रक्रियेस मिळत नाही. सोबत हर्निया असल्यास त्याच्या दुरुस्तीचा भाग विम्यात बसू शकतो. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीच विमा कंपनीकडून लेखी खुलासा घेणे उपयुक्त ठरते.

संमतीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (२००८) हा निकाल मार्गदर्शक आहे. शस्त्रक्रियेचे स्वरूप, लाभ, पर्याय व मोठे धोके समजावून सांगून घेतलेली संमतीच ग्राह्य, एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेस लागू होत नाही, आणि रुग्ण सज्ञान व सक्षम असताना नातेवाइकाची संमती तिची जागा घेऊ शकत नाही, असे त्यात स्पष्ट झाले. टमी टकच्या संदर्भात याचा अर्थ असा, की संमतिपत्रावरील सही पतीची वा सासूची नव्हे, तर त्या स्त्रीची स्वतःची असावी लागते. सोबत लायपोसक्शन किंवा अन्य प्रक्रिया करावयाची असल्यास तिचाही त्यात स्वतंत्र उल्लेख असावा लागतो.